तुझा सुटला, माझा राहिला

किन्हवली
११ मे १९९९

सकू,

थोरल्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करायची असते, म्हणून आशीर्वाद. चार वर्षांनी लिहिते आहे. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुझ्या शेखरच्या नादानं माझा नितीन गेला." त्याच दिवशी मी ठरवलं होतं की तुझ्या दारात पाऊल टाकायचं नाही आणि तुझ्या नावाने टपाल हंशील भरायचा नाही. आज भरते आहे, कारण तुझ्याकडून एक गोष्ट विचारून घ्यायची आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव कोण ते तुझं तू ठरव.

परवा इथल्या बाजारात तुमच्या मुरबाडकडची भिमी सुकी मासळी घेऊन बसली होती. मी जवळा निवडत होते तर म्हणाली, "वत्सलाबाय, तुमाला कळला का नाय? नितीन घरी आलाय रजेवर. सकूबायनं कोंबडा कापला, आख्ख्या आळीला वाटा दिला." मी जवळा तिथेच तागडीत टाकला आणि घरी आले. त्या दिवशी वरणभातही गोड लागला नाही.

सकू, मला एवढंच सांग, रजा एकालाच कशी? म्हसा गावच्या जत्रेत दोघे बरोबर गेले. लडकू जीपवाल्याशी दोघांनी मिळून भांडण काढलं, तो दोघांच्या मारानं पडला आणि दगडावर डोकं आपटून गेला. जन्मठेप दोघांना एकाच दिवशी झाली, तुरुंगही एकच, नाशिकचा. शेखरला अठरा पुरी होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, नितीन त्याच्याहून पाच महिन्यांनी धाकटा. म्हणजे काही तुझा तान्हा आणि माझा बाप्या असं नव्हतं. दोघांनाही मिसरूड धड फुटलं नव्हतं.

मग जामीनदार कोण राहिलं? देवराम भाऊजीच असतील. माझ्या घरात आता गडीमाणूस नाही, शेखरचे वडील गेल्याला तीन वर्षं झाली. हवालदार म्हणतो, बाईमाणूस जामीन कशी राहणार, पोरगा परत गेलाच नाही तर? मी म्हटलं, "तर मीच येते तुमच्याकडं राहायला, माजी चूल तरी वाचंल." तो हसला, पण कागद काही पुढे गेला नाही.

कुणाला भेटायचं, काय लिहायचं, ते कळव. विचारायला लाज वाटते, पण राग त्याहून मोठा आहे. तुझ्या अंगणात पोरगं चालतंय आणि माझ्या अंगणात नाही, हे मला बघवत नाही. तिथे येऊन बघितलं नाही तरी बघवत नाही.

वत्सला


किन्हवली
२१ नोव्हेंबर १९९९

सकू,

शेखर येऊन गेला. तुझ्या कानावर आलंच असेल, कारण तुझ्या कानावर सगळंच माझ्या आधी येतं.

भाऊजी स्वतः शहापूरला आले, जामीन राहिले, हवालदाराला चहा पाजला. त्यांचे उपकार आहेत, ते मी मानते. तू पाठवलंस म्हणून ते आले हेही मला माहीत आहे, पण ते उपकार मी भाऊजींच्याच नावावर मांडणार आहे. तुझ्या नावावर आधीच खूप काही आहे. गोरा रंग तुझा, सडकेला लागून शेत तुझं, नवरा जिवंत तुझा.

तुझ्याकडे नितीन आला तेव्हा कोंबडा आणि पाहुणे झाले. माझा आला तो ऐन कापणीत आला आणि दुसऱ्याच दिवशी विळा घेऊन शेतात उतरला. मी नको नको म्हणत होते. म्हणाला, "आये, हाताला काय तरी दे गो, बसून बसून हात मेला." संध्याकाळी त्याच्या तळहाताला फोड आले होते. कापणी करणाऱ्याच्या पोराला विळ्याने फोड येतात, हे बघून मी आत जाऊन रडले. जेवताना तो डावा हात ताटाभोवती धरतो आणि खाली मान घालून भराभर संपवतो. मी म्हटलं, "हळू जेव रे, कोन घेतंय तुजा?" तर दचकला.

आणि पहिल्याच दिवशी मला विचारतो, "मावशी कशी हाय?" मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणतो, "मावशी मुलाखतीला येते तवा मलापण बोलावते. दोघांनापण बघते." हे तू मला कधी कळवलं नाहीस. माझं दोनदा जाणं होतं वर्षात, एकदा आसनगावहून गाडी चुकली आणि मुलाखत बुडाली. तू मात्र महिन्या-दोन महिन्यांनी जातेस, आपल्या पोराला बघतेस आणि वर माझ्यालाही बघून येतेस. तुला कुणी सांगितलं होतं? माझ्या पोराला बघायला मी मेले नाही.

तो गेल्यावर अंथरुणाची घडी घालायला हात होत नव्हता. दोन दिवस तसंच ठेवलं. नितीन गेला तेव्हा तू काय केलंस ते मात्र लिहू नकोस. तू माझ्यापेक्षा जास्त रडलीस असं निघालं तर तेही मला चालणार नाही.

तुझी थोरली


किन्हवली
३ मे २००३

सकू,

नितीन वेळेवर पोहोचला असेल. पोहोचणारच. बुधवारी पहाटेच घराबाहेर काढलास ना त्याला.

ह्या खेपेला दोघांना रजा बरोबर मिळाली, परत हजर व्हायचा दिवसही एकच निघाला, बुधवार. मला वाटलं तू काहीतरी करशील. काही नाही तरी मला विचारशील. जाशील बुधी, येशील कधी, हे मी तुला शिकवायचं? आपले बाबा बुधवारीच गवताच्या ट्रकवर बसून भिवंडीला निघाले होते. आई मागून ओरडत होती, आज नको, उद्या जा. ते हसले. तू आईच्या कडेवर होतीस, तुला आठवत नसेल. मी दारात उभी होते, मला सगळं आठवतं. ट्रक वाटेत कलंडला आणि बाबांना चादरीत गुंडाळून आणलं. त्या घरातली तू मुलगी, आणि पोटच्या पोराला बुधवारी उंबऱ्याबाहेर काढतेस. काळजाच्या जागी काय आहे तुझ्या?

मी नाही पाठवला. दुसऱ्या दिवशी गुरुवारी अवस होती, अवसेला तर शत्रूलाही कुणी वाटेला लावत नाही. शुक्रवारी सकाळी दहीभात खाऊ घातला आणि मग पाठवला. दोन दिवसांचा फरक. दोन दिवसांनी सरकार बुडत नाही.

शेखर ऐकत नव्हता. बुधवारी उजाडायच्या आत पिशवी बांधून बसला. "आये, जाऊ दे गो. काका जामीन हाय. थितं कोन ऐकून घेत नाय." मी म्हटलं, "तुज्या सायबाला आय नाय का?" तरी तो उठला. तेवढ्यात मला चक्कर आली. खरंच आली, हसू नकोस. ओटीवर आडवी झाले ती दुपार टळेपर्यंत उठले नाही. तो माझ्या पायाशी बसून राहिला, मधेच उठून लिंबाचं सरबत करून आणलं. तोवर गाड्या निघून गेल्या. गुरुवारी त्याने काही विचारलंच नाही. सकाळी गोठ्याचं कूड नीट केलं, दुपारी माझ्याजवळ बसून फणस सोलला.

तुला वाईट वाटावं म्हणूनच लिहिते, तो गुरुवार फार चांगला गेला. दोन दिवस मला तुझ्याहून जास्त मिळाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्यापेक्षा माझ्या पदरात काही जास्त पडलं.

वत्सला


किन्हवली
१९ सप्टेंबर २००३

सकू,

तुझं पत्र वाचलं. भाऊजींना पोलिसांनी दिवसभर बाकावर बसवून ठेवलं हे मला माहीत नव्हतं. त्यांना माझा नमस्कार सांग. याहून जास्त काय सांगायचं ते मला सुचत नाही.

शेखरचं तुला कळलंच आहे. वर्षानुवर्षं कामं करून शिक्षेतल्या दिवसांची जी माफी साठवली होती ती कापली. रजा बंद केली, पुन्हा कधी मिळेल ते सांगत नाहीत. मी नाशिकला जाऊन तिथल्या साहेबांना भेटले. माणूस वाईट नाही, बसायला खुर्ची दिली. मी त्यांना बुधवारचं सांगितलं, अवसेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, कोवळ्या वयात गुन्हा केलेली मुलं नीट वागली तर त्यांना लवकर सोडण्याचा विचार होतो. तुमचा आणि तुमच्या बहिणीचा, दोघांचाही विचार व्हायचा होता. आता तुमच्या मुलाच्या कागदावर उशिरा हजर झाल्याचा शेरा पडला. बहिणीच्या मुलाचा कागद स्वच्छ आहे."

बहिणीचा मुलगा! नाशिकच्या साहेबापर्यंत तुझं कौतुक पोहोचलं.

आता माझं ऐक. चूक तुझी आहे. तू नितीनला बुधवारी वेळेवर पोहोचवलास म्हणून माझ्या शेखरचा उशीर डोळ्यांत आला. दोघे मिळून शुक्रवारी गेले असते तर साहेब म्हणाले असते, मुरबाड-शहापूरकडची एसटी बंद असेल, रस्ता खचला असेल. एका भागातले दोघे उशिरा आले म्हणजे गाडीची चूक. एक वेळेवर आणि एक उशिरा, म्हणजे पोराची चूक. एवढं तुला कळत नव्हतं का? की कळत होतं म्हणूनच पाठवलास?

हे लिहून झाल्यावर मी परत वाचलं. खोडणार नाही. शेखर मुलाखतीत काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "आये, तू चक्कर आल्याचं नाटक केलंस ते मला कळला होता. पन मला पन जायचा नव्हता." मग जाळीपलीकडे तो हसला. मला हसता आलं नाही.

वत्सला


किन्हवली
३१ जुलै २००५

सकू,

हो, मी सावळीकडे गेले होते. तू इतके वळसे घेऊन विचारतेस कशाला? सरळ विचार. लडकूच्या बायकोकडे मी गेले होते आणि का गेले होते तेही सांगते.

भिमीकडून कळलं की नितीनला सोडायचा विचार चालू झालाय आणि मेलेल्याच्या घरच्यांची हरकत आहे का ते विचारायला हवालदार सावळीकडे जाणार आहे. शेखरचा विचार पुढे कधीतरी. मला झोप लागेना. दोघांनी मिळून केलं आणि तुझा आधी येणार, अंगणात खाट टाकून बसणार, लग्न करणार, सून येणार, नातू होणार. मी मात्र आसनगावची गाडी पकडत राहणार. सकाळी उठले आणि जीपमध्ये बसले. सावळीला सांगायचं होतं, बाई, हरकत घे. तुझ्या माणसाला धक्का दिला तो नितीनने, माझ्या शेखरने नाही. कुणाचा धक्का होता ते मला माहीत नाही. कोर्टालाही कळलं नव्हतं.

तिच्या शेताच्या बांधावर पोहोचले तर भाताची आवणी चालू होती. चार बाया चिखलात वाकलेल्या. त्यात एक पाठ मी ओळखली. ओळखणार नाही तर काय, लहानपणी तीच पाठ बघत मी मागून रोपं लावली. तू नेहमी एक पाऊल पुढे असायचीस आणि तुझी रोपं वाकडी यायची. अजूनही वाकडीच लावतेस.

मी आंब्यामागे सरले. सावळी बांधावर रोपांच्या मुठी न्यायला आली, तिने मला बघितलं. मला ती कोर्टातली आठवत होती, पदर दातात धरून बसलेली. आता केस पिकलेत. म्हणाली, "कशाला आलीस बाय?" मी जे ठरवून आले होते ते बोलले, सगळं बोलले. तिने मुठी खाली ठेवल्या.

"मना नको सांगू कोनी धक्का दिला," ती म्हणाली. "मी इचारला हाय का कोनाला? माजा मानूस गेला. त्याचं दोन तुकडं करून अर्धा तुजा नि अर्धा तिजा असा वाटू काय?"

मग तिने शेताकडे हनुवटी उडवली. "तुजी भयीन दर वरसाला येते. पयल्या वरसाला मी शिव्या घातल्या, चिखल फेकून मारला. ती वाकली नि लावायला लागली. दुसऱ्या वरसाला परत आली. माजी पोरं बारकी व्हती, हात नव्हतं कोनाचं. आता मी काय बोलत नाय." आणि म्हणाली, "हवालदार येऊन गेला. सोडा म्हनून सांगितला मी. दोघांना सोडा म्हनून सांगितला. तुजी भयीनच म्हनली, दोघांचा सांग."

सकू, मी तिथून पाणी न पिता परत आले. तू लिहितेस की आंब्यामागून आलेला खोकला तुला ओळखीचा वाटला, पण तू मुद्दाम मागे वळली नाहीस. न वळून मोठेपणा घेतलास. नेहमी घेतेस.

तू दरवर्षी तिच्या शेतात जात होतीस, मग मला का नाही सांगितलंस? मीही आले असते. माझ्या हातची आवणी तुझ्याहून सरळ आहे, हे तूही नाकारणार नाहीस. पण तुला एकटीलाच जायचं होतं. चिखलही तुला एकटीलाच खायचा होता. आणि मग माझ्या पोरासाठी शब्द टाकलास, मला न विचारता. मी तुझ्या पोराच्या वाटेत काटा टाकायला गेले आणि तू माझ्या पोराची वाट झाडून ठेवलेली. आता मी तुझ्यावर रागवायचं तरी कसं, ते सांग.

वत्सला


किन्हवली
३० ऑक्टोबर २००६

सकू,

नितीन सुटला. पेढे पोहोचले. मी ते गाईला घातले. खोटं, एक खाल्ला. मग आणखी एक.

तू फोन घेतलाय असं नितीनने सांगितलं, नंबरही लिहून दिला. पण मी पत्रच लिहिणार. फोनवर मला भांडायला सुचत नाही, आणि मी रडले तर तुला ऐकू जाईल.

तो इथे आला होता, तुला सांगूनच आला असेल. मी मागच्या परड्यात होते. "मावशे" म्हणून हाक आली. आवाज असा की माझ्या हातातलं सूप पडलं. दोघांचे आवाज लहानपणापासून सारखे. मी धावत पुढच्या दारी आले आणि बघते तर तुझा.

त्याने पाया पडायला वाकायच्या आधी माझा चेहरा बघितला असणार. वाकलेला तसाच राहिला, वर बघेना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवताना मनात काय आलं ते लिहिते. आलं की हा तिथे असता आणि तो इथे. हाताखाली तुझ्या पोराचं डोकं होतं आणि मनात हे होतं. तुझा हात शेखरच्या डोक्यावर असताना तुझ्या मनात असं कधी आलं का? आलं असेल तर मला सांग, मला फार बरं वाटेल.

भाकरी केली, खाल्ली त्याने. तोही ताटाभोवती हात धरतो. जाताना म्हणाला, "मावशी, शेखरनं सांगितला हाय, आयला म्हनावा औषधं घे. चक्कर येते तिला." दोघांनी मिळून माझी थट्टा केली. बाहेर पडून तो पुन्हा मागे वळला आणि म्हणाला, "मी सुटलो तवा त्यानं माझं बिस्तर बांधून दिलं. गेटापर्यंत यायला देत नाय. तो तिथंच उभा व्हता."

मी दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर लावलं असं त्याला वाटलं असेल. तसं नव्हतं, असं त्याला सांग.

वत्सला


किन्हवली
१७ मार्च २००८

सकू,

हे पत्र मी तीन दिवस लिहिते आहे आणि फाडते आहे. आज टाकणार.

नाशिकला गेले होते. शेखरचा विचार पुन्हा चालू झालाय. साहेब म्हणाले, गुन्हा केला तेव्हा वय कमी होतं, वागणूक चांगली, लडकूच्या बायकोची हरकत नाही. अडतं एकाच ठिकाणी, माझ्याकडे. सुटल्यावर तो कुणाच्या घरी राहणार त्याची चौकशी होते. आमच्या पोलीस ठाण्यातून जो कागद गेला त्यात लिहिलंय की मागे आईनेच त्याला वेळेवर परत जाऊ दिलं नव्हतं, तिच्या ताब्यात देणं योग्य वाटत नाही. खोटं काहीच लिहिलेलं नाही. मी गुन्हेगार नाही, सकू, पण माझ्या पोराला घरी आणायला मीच नालायक ठरले.

साहेबांनी रस्ता सांगितला. दुसरं कुणी जवळचं नातेवाईक, दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं, त्याला घरात ठेवून घ्यायला तयार असल्याचं लिहून देत असेल तर आत्ताच होईल. दोन वर्षं त्याने तिथेच राहायचं, ठाण्यात हजेरी द्यायची, हद्द सोडायची नाही. नाहीतर आणखी दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचार, तेव्हा कदाचित माझ्याकडे. "तुमची ती मुरबाडची बहीण आहे ना," म्हणाले, "तिच्याबद्दल काही प्रश्नच नाही."

प्रश्नच नाही! मी उठले आणि मुलाखतीला गेले. शेखरला आधीच कळलं होतं. माझ्या तोंडाकडे बघून तोच म्हणाला, "आये, तू नाय म्हन. मी थांबतो. एवढी काढली, अजून दोन काढीन. तुज्याच दारात येईन."

तेच मला ऐकायचं होतं. मला इतका आनंद झाला की मी जाळी घट्ट धरली. मग त्याच्याकडे नीट बघितलं. तिशी ओलांडली, सकू. कानामागचे केस पांढरे झालेत. मी विचारलं, "खरा सांग, तुला कुठं जायचाय? मावशीकडं का माज्याकडं?"

त्याने जाळीवरच्या माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली. मग म्हणाला, "भायेर. मला भायेर जायचाय, आये."

गाडीत बसून मी विचार करत होते. लिहायला लाज वाटते आणि तरी लिहिते. मला वाटलं, राहू दे त्याला आणखी दोन वर्षं, पण येऊ दे माझ्याच दारात. असं आईच्या मनात आलं. आलं आणि लगेच गेलं असंही नाही. कसाऱ्याचा घाट उतरून गाडी आसनगावला लागेपर्यंत ते माझ्याजवळच बसलं होतं. सकूच्या हातचं जेवेल, सकूच्या ओटीवर झोपेल, नितीनबरोबर सकूच्या शेतात राबेल, आणि लोक म्हणतील, बघा, सकूने दोन पोरं सोडवली. त्यापेक्षा तो आतच बरा. खरंच वाटलं मला असं.

तर आता लिहून दे. साहेबांना लिहून दे की माझ्या बहिणीचा मुलगा शेखर ह्याला माझ्या घरी ठेवून घ्यायला मी तयार आहे. भाऊजींना म्हणावं, पुन्हा एकदा पोलिसांच्या बाकावर बसावं लागलं तर ह्या वेळी मी येऊन बसेन. उशीर करू नकोस, वार बघू नकोस.

तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. पोराला ठेवून घे म्हणून मागते. पुन्हा लिहायला लावू नकोस.

वत्सला


किन्हवली
२५ मे २००८

सकू,

तुझ्याकडून परत आले, सुखरूप पोहोचले. जीपवाल्याने पुढे बसवलं.

गेटासमोर आपण दोघी उभ्या होतो तेव्हा मी काय बघत होते ते तुला कळलं होतं. तो बाहेर येऊन आधी कुणाकडे जातो, एवढंच मी बघत होते. तो आला, थोडा थबकला, आणि तुझ्या पायाशी वाकला. तू त्याला खांद्याला धरून सरळ केलंस आणि म्हणालीस, "आदी आयच्या." मग तो माझ्याकडे आला. त्याला छातीशी धरलं तेव्हाही, सकू, मला तुझाच राग येत होता. माझं होतं तेही तूच उचलून माझ्या हातात दिलंस.

तुझ्या घरी पाटावर तू मला नि त्याला शेजारी बसवलंस. तो सावकाश जेवत होता, दोन्ही पोरं काहीतरी बोलून हसत होती, भाऊजी त्याला सारखे भात वाढत होते. तू म्हणालीस, बाय, चार दिवस राहा. मी नाही म्हटलं. राहिले असते तर मला परत येता आलं नसतं, आणि तिथे राहून मी रोज बघितलं असतं की तो तुला "मावशी" म्हणताना किती वेळा चुकून "आये" म्हणतो. एकदा म्हणाला. तुला वाटलं मी ऐकलं नाही.

आज बाजारात भिमी भेटली. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. म्हणाली, "परवा दुपारची मी सकूबायकडं गेलेली. तुमचा शेखर अंगनात खाटेवर निजला व्हता. येनारी-जानारी मानसं, कोंबड्या, पोरांचा आरडाओरडा, पन तो काय जागा झाला नाय. तोंड उघडा टाकून, हातपाय पसरून निजला व्हता, बारक्या पोरावानी."

मी जवळा घेतला, घरी आले आणि लिहायला बसले. सकू, दुपारी तुझ्या अंगणात ऊन पश्चिमेकडून आत येतं, ते त्याच्या तोंडावर येईल. त्याला उठवू नकोस. खाट जरा सावलीत ओढ, हळूच, आवाज न करता. ते काम माझं होतं. पण तू कर.

तुझी बाय